थार सीआरडीईला बॉडी लिफ्ट टाकायचंय, १ इंच घ्यावं का २ इंच? (काटोलची पांदण, काळी माती)

संत्रेवाला
राम राम मंडळी. गाडी थार सीआरडीई (डिझेल), २०१६, एमएच ४० पासिंग, एमएलडीवाली (एक चाक घसरलं की मागची दोन्ही चाकं सोबत फिरवणारं लॉक). राहायला नागपूरच्या प्रतापनगरात पण काटोलच्या अलीकडे संत्र्याचा बगीचा आहे त्यामुळे दर आठवड्यात चक्कर असतेच. डांबरी सोडली की पुढं पांदण, आणि पावसाळ्यात तिथले हाल तुम्हाला माहीतच आहेत, ट्रॅक्टरवाल्यांनी चाकोऱ्या इतक्या खोल करून ठेवल्या की मधातला उंचवटा गाडीच्या पोटाला लागते आणि मागचा डिफ (डिफरेन्शियल, ॲक्सलच्या मधातला गोळा) तर नांगरासारखा माती ओढत चालते. तर बॉडी लिफ्ट किट टाकायचा विचार करून राहिलो. एक जण म्हणते २ इंच टाक, एक म्हणते १ इंचच टाक, कोणी म्हणते नायलॉनचे ठोकळे, कोणी ॲल्युमिनियम. सोबत टायर पण मोठे टाकीन, २६५/७५ आर १६ डोक्यात आहेत. सध्या कंपनीचे २३५/७० आर १६ आहेत. काय घेऊ सांगा. पोळ्याच्या आधी काम उरकायचं आहे.

१३चा_पाना
भाऊ आधी एक गोष्ट सांगतो, मग शिव्या दे मले. बॉडी लिफ्टनं तुझा डिफ एक सूतही वर येत नाही.

बॉडी लिफ्ट म्हणजे चेसिस आणि बॉडीच्या मधात जे रबर बुश असतात तिथं ठोकळे टाकून बॉडी वर उचलणं. चेसिस होती तिथंच, ॲक्सल तिथंच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा), सायलेन्सर सगळं तिथंच. वर काय जाते तं बोनेट, सीट अन् तू. पांदणीतला उंचवटा तुझ्या डिफले लागते ना, तो २ इंच लिफ्टनंतरही तेवढाच लागीन, फक्त तू जरा उंचावरून पाहशीन.

डिफ वर न्यायचा एकच रस्ता, टायरचा व्यास वाढवणं. अन् लिफ्ट कायले लागते तं तो मोठा टायर मडगार्डात घासू नये म्हणून. म्हणजे तू प्रश्न उलटा विचारून राहिला. आधी टायर पक्का कर, मग लिफ्ट किती लागते ते आपोआप निघते.

संत्रेवाला
अरे बाप्पा. म्हणजे सस्पेन्शन लिफ्ट टाकली तर डिफ वर येईल का मग?

डिफ_लॉक
नाही येणार. सस्पेन्शन लिफ्टनं चेसिस वर जाते, म्हणजे ट्रान्सफर केस, क्रॉस मेंबर, टाकी हे सगळं वर जाते आणि उंचवटा पोटाला लागणं नक्की कमी होते. पण मागचा ॲक्सल टायरच्या मधोमध बसलेला आहे, त्याची उंची टायरच्या त्रिज्येवरच. वर कमानी पाटे बदला, शॅकल (पाट्याला चेसिसशी जोडणारी पट्टी) बदला, काही करा, डिफ तिथंच.

आता हिशोब करू, कारण बिना हिशोबाचे लोक टायर घेतात आणि मग विकायला काढतात.

तुमचा २३५/७० आर १६ म्हणजे व्यास साधारण ७३५ मिमी. २४५/७५ आर १६ घेतला तर ७७४. २६५/७५ आर १६ घेतला तर ८०४. डिफला फायदा अर्धाच मिळतो कारण टायर वरच्या बाजूनंही वाढते ना. म्हणजे २४५ नं अंदाजे १९ मिमी, २६५ नं ३४ मिमी. बस. पाऊण इंच आणि सव्वा-दीड इंच, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. ऐकायला कमी वाटते पण पांदणीत पाऊण इंचही कामाचा असतो हे मी मानतो.

दुसरी बाजू पण पाहा. २६५ टाकला की गिअरिंग जवळपास ९ टक्के उंच होते, स्पीडोमीटर ६० दाखवीन तेव्हा गाडी ६५ च्या वर असेल. फोर लो मध्ये (चारही चाकं, हळू पण जास्त जोराचा गिअर) रांगताना तेवढाच जोर कमी. २४५ ला हेच ५ टक्के, ६० ला ६३, ते चालून जाते. सीआरडीई इंजिनात दम आहे, २४७ एनएम टॉर्क आहे, पण क्लच चिखलात जाळायचा नसेल तर २४५ वर थांबा असं माझं मत. नवीन थारच्या १६ इंची रिमवाल्या मॉडेलला हाच साईज यायचा, त्यामुळे मिळायलाही सोपा.

मुळशीकर
पुण्याहून लिहितोय, गाडी तीच आहे, थार सीआरडीई. डिफ_लॉक यांनी टायरचं बरोबर सांगितलंय. सस्पेन्शनबद्दल भर घालतो. आपल्या गाडीला पुढे टॉर्शन बार आहे (स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा), त्याचे ॲडजस्टर फिरवून पुढचा भाग वर घेता येतो आणि बरेच गॅरेजवाले फुकटची लिफ्ट म्हणून तेच करून देतात. करू नका, किंवा अगदी थोडं करा. चाकाला खाली लटकायला जागा उरत नाही, ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, शाफ्टवरचे रबरी बूट फाटतात, आणि अलाइनमेंट केलीच नाही तर टायर एका कडेने झिजून जातात. मागे लांब शॅकल टाकली तर लक्षात ठेवा की २ इंच जास्त लांबीच्या शॅकलने मागची उंची साधारण १ इंचच वाढते, आणि डिफमध्ये शाफ्ट जिथं जातो त्या पिनियनचा कोनही बदलतो.

बॉडी लिफ्टचा फायदा इथेच आहे की ती या कशालाच हात लावत नाही. प्रॉपेलर शाफ्ट, अलाइनमेंट, राइड सगळं जसंच्या तसं. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल ही जड मंडळी खालीच राहतात, त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या सस्पेन्शन लिफ्टपेक्षा गाडी कमी डुलते.

वऱ्हाडी_फोर_बाय_फोर
राजेहो पण काळ्या मातीबद्दल कोणीच बोलून नाही राहिलं! बाकी ठिकाणच्या चिखलात आणि आपल्या काळ्या मातीत फरक आहे. ही टायरला चिकटते अन् सुटतच नाही, दोन चाकं फिरली की एटी (ऑल टेरेन, सगळ्या रस्त्यांच्या) टायरच्या खाचा भरून तो स्लिक टायर होते, मग ३१ इंची असो का ३५ इंची, गाडी एमएलडी लागून पण जागच्या जागी नाचते. मडगार्डात माती भरली की चाक फिरायलाच जागा राहत नाही, हे ट्रॅक्टरवाल्याले विचारा. माझा मुद्दा असा की लिफ्टचा खरा उपयोग आपल्याकडे इथं आहे, टायर अन् मडगार्डच्या मधात माती निघून जायले जागा पाहिजे. कोणी हा विचार करून लिफ्ट टाकत नाही, सगळे दिसायले टाकतात.

टायर एमटी (मड टेरेन, चिखलाचे) घे. खाचा मोठ्या, जरा ॲक्सिलरेटर दिला की माती फेकून देते. आवाज करीन काटोल रोडवर, करू दे. उन्हाळ्यात आपल्या ४५ डिग्रीत डांबरावर एमटी लवकर झिजते हे पण खरं आहे, पण तुझं काम पावसाळ्याचं आहे. अन् हवा कमी कर चिखलात, १८-२० पीएसआयपर्यंत आण, डांबरीवर आला की परत भर. एक छोटा कम्प्रेसर गाडीत ठेव, लिफ्ट किटपेक्षा तो जास्त वेळा कामी येईन.

अर्धा_क्लच
काळ्या मातीवर एकच उपाय आहे, पाऊस उघडल्यावर दोन दिवस घरी बसायचं 😀

वऱ्हाडी_फोर_बाय_फोर
हव ना, अन् संत्रे कोण पाहीन, तू?

नवा_जिम्नीवाला
मध्येच विचारतो, माफ करा. माझी जिम्नी आहे आणि भावाची हॅरिअर. दोन्हीला बॉडी लिफ्ट होते का? भाऊ म्हणतो त्याच्या गाडीला एका दुकानात लिफ्ट करून देतो म्हणाले.

डिफ_लॉक
जिम्नीला लॅडर फ्रेम आहे त्यामुळे तत्त्वतः होते. हॅरिअर मोनोकॉक आहे, तिथं बॉडी आणि चेसिस वेगळे नाहीतच तर मधात ठोकळा टाकणार कुठं. दुकानदार जे म्हणत असेल ते स्ट्रटच्या (स्प्रिंग-शॉकच्या जोडीच्या) वर स्पेसर टाकणं असेल, ती वेगळी गोष्ट आहे, तिला बॉडी लिफ्ट म्हणत नाहीत. डस्टरचंही तेच. गुरखा, बोलेरो, जुनी सफारी, स्कॉर्पिओ, जिप्सी, व्ही-क्रॉस, फॉर्च्युनर या सगळ्या चेसिसवाल्या. भावाच्या गाडीचा वेगळा धागा काढा, इथं गोंधळ होईल.

गोरेवाड्याची_जिप्सी
मी माझ्या जिप्सीला २ इंच बॉडी लिफ्ट घरच्या अंगणात टाकली आहे, मी आणि माझे काका, त्यामुळे किट कोणतं घ्यावं यापेक्षा किटमध्ये काय नसतं ते सांगते. संत्रेवाला दादा, नीट वाचा कारण दुकानदार हे सांगत नाही.

पहिली गोष्ट स्टीअरिंग. स्टीअरिंगचा कॉलम बॉडीला, बॉक्स चेसिसला, आणि मधात जो शाफ्ट आहे तो बॉडी वर गेली की ताणला जातो. त्याला स्प्लाइन असतात, एकात एक सरकणाऱ्या. १ इंचात बहुतेक वेळा सरकून जुळतं, २ इंचात स्प्लाइनची पकड इतकी कमी होऊ शकते की खड्ड्यात चेसिस पिळली तर शाफ्ट सुटू शकतो. सुटला म्हणजे स्टीअरिंग हातात आणि चाकं मोकळी. म्हणून पहिल्यांदा शाफ्ट किती आत आहे ते मार्करने खूण करून मोजा, लिफ्टनंतर परत मोजा. कमी वाटलं तर एक्स्टेन्शन, आणि ते वेल्डिंगचं जुगाड नको, व्यवस्थित बनवलेलं.

दुसरी, फॅन आणि रेडिएटर. फॅन इंजिनवर, म्हणजे खालीच राहणार. रेडिएटर आणि त्याचं कव्हर तुमच्या गाडीत बॉडीला बांधलंय की चेसिसला ते वाकून पाहा. बॉडीला असेल तर ते वर जाईल आणि फॅनची पाती कव्हरच्या खालच्या कडेला लागतील. काहींना कव्हर खाली घ्यावं लागतं, काहींना कापावं लागतं.

तिसरी, लिव्हर. गिअर आणि फोर बाय फोरचे लिव्हर गिअरबॉक्ससोबत खालीच राहतात आणि फ्लोअरचं भोक वर जातं. फोर लो टाकून पाहा, लिव्हर भोकाच्या कडेला टेकत असेल तर ऐन चिखलात धक्क्याने गिअर सुटतो.

मग डिझेल भरायचा पाइप, ब्रेकच्या नळ्या, क्लच, हँडब्रेकची केबल, अर्थिंगची वायर, एसीचे होज. ब्रेकचा मास्टर सिलेंडर बॉडीला आणि नळ्या चेसिसवर, त्या मधात थोडी सैल आहेत का पाहायचं, ताणून बसवायच्या नाहीत. आणि बंपर चेसिसला असेल तर लिफ्टनंतर बंपर आणि ग्रिलच्या मधात फट दिसते, ते आवडत नसेल तर आधीच मनाची तयारी ठेवा. मला चालतं, माझे काका अजूनही म्हणतात गाडीचे दात पडले.

संत्रेवाला
ताई हे सोन्यासारखं सांगितलं. घरी करताना बोल्ट निघाले का? माझ्या गाडीखाली नऊ वर्षांचा शेणचिखल आहे.

गोरेवाड्याची_जिप्सी
तोच खरा त्रास. आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सकाळी परत मारा. काही ठिकाणी नट बॉडीच्या आत बंद खोक्यात असतो, तो जर सुटून गरगर फिरायला लागला तर वरून फ्लोअरला भोक पाडून धरावा लागतो. घाईत लांब दांडा लावून झटका देऊ नका, तापवून, पुढे-मागे करत काढा.

पद्धत अशी की सगळे बोल्ट आधी सैल करायचे, मग एका बाजूचे पूर्ण काढायचे, दुसऱ्या बाजूचे सैलच पण जागेवर राहू द्यायचे. जॅक आणि बॉडीच्या मधात जाड लाकडी फळी, नाहीतर पत्रा वाकतो. थोडं थोडं उचलायचं आणि प्रत्येक वेळी एकाने बोनेटमध्ये, एकाने खाली नजर ठेवायची की काही ताणलं जातंय का. बॅटरी आधीच काढून ठेवा. आणि बॉडी नुसत्या जॅकवर असताना मधात हात घालायचा नाही, आधी लाकडी ठोकळा सरकवायचा.

१३चा_पाना
ताईनं सगळं सांगून टाकलं, आमचं गॅरेज बंद होते आता हाहा.

ठोकळ्याबद्दल मी सांगतो. ॲल्युमिनियम मजबूत आहे पण थरथराट बॉडीत पाठवते, तुझी गाडी डिझेल आहे, आधीच घुर्रर्र. चांगला घन नायलॉन किंवा पॉलियुरेथेन घे, एकसंध, मधात बोल्टच्या मापाचं भोक, अन् व्यास मूळ रबराइतका तरी पाहिजे. १ इंचाचे दोन एकावर एक ठेवून २ इंच करायचे नाहीत, आडवा जोर आला की सरकतात. बाहेरच्या देशात तं लोक आइस हॉकीच्या चकत्या टाकत होते म्हणे बॉडीखाली, आपल्याकडे काही महाभाग लाकडी गुटके टाकतात, पावसाळ्यात फुगून जाते ते.

लेथवाल्याकडून पण नायलॉनच्या रॉडमधून कापून मिळतात, त्यात काही वाईट नाही, फक्त सगळे एका उंचीचे पाहिजे, व्हर्नियर लावून मोज. एक जरी २-३ मिमी कमी-जास्त झाला तं दरवाजे नीट लागत नाहीत.

बोल्टवर पैसे वाचवू नको. लिफ्ट जितकी, बोल्ट तितका लांब, अन् डोक्यावर १०.९ (मजबुतीचा ग्रेड) लिहिलेला घे. ८.८ मूळ ठिकाणी चालला असता पण आता बोल्टच्या मधात जास्त लांबी उघडी आहे, वाकवणारा जोर वाढते. अन् मूळ रबर बुश काढून फेकू नको, ठोकळा रबराच्या सोबत असते, रबराच्या जागी नाही. रबर चपटे झाले असतील तं नवीन टाक, बॉडी उघडलीच आहे तं. टॉर्क रेंचनं कस, मग ५०० किमी झाले की परत एकदा सगळे तपास, रबर बसतात अन् बोल्ट सैल होतात.

एक गिऱ्हाईक आलं होतं माझ्याकडे, दुसऱ्या कोण्या गॅरेजमध्ये ३ इंच करून. ३ इंच! मागून गाडी पाहिली तं चेसिस वेगळी अन् बॉडी वेगळी चालून राहिली असं दिसे. ब्रेक मारला की बॉडी पुढं झुके. सगळं काढून १ इंचावर आणलं तेव्हा त्याले झोप आली.

मुळशीकर
आता नको असलेला विषय. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जी माहिती आहे ती मूळ कंपनीच्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शेतात कोणी येणार नाही हो, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बदलाकडे बोट दाखवते, हे विसरू नका. तुमची २०१६ ची आहे म्हणजे २०३१ ला १५ वर्षं होतील, तेव्हा नूतनीकरणासाठी गाडी आरटीओला दाखवावीच लागेल. जे बोल्ट काढून परत मूळ करता येतं तेवढंच करा, फेंडर कापाकापी नको.

अर्धा_क्लच
दरवेळी कोणीतरी कलम ५२ घेऊन येतंच 🙏

मुळशीकर
येणारच. दंड तुम्ही भरणार नाही, संत्रेवाला भरणार.

डिफ_लॉक
मुळशीकर बरोबर बोलतात, आणि म्हणूनही मला वाटते कमीत कमीवर भागवा. संत्रेवाला, किट ऑर्डर करायच्या आधी एक काम करा. ओळखीच्या कोणाकडून २४५/७५ चं एक चाक मागून आणा, पुढं लावा, पूर्ण डावं पूर्ण उजवं फिरवा. मग एक पुढचं आणि तिरपं मागचं चाक मुरमाच्या ढिगाऱ्यावर चढवून गाडी पिळून पाहा, आणि पाहा टायर कुठं लागतो.

मडगार्डला किंवा बॉडीच्या कडेला लागत असेल तर बॉडी लिफ्ट कामाची. पण स्टीअरिंग पूर्ण फिरवल्यावर आतून चेसिसला लागत असेल तर १० इंच बॉडी लिफ्ट टाकली तरी लागणारच, कारण चेसिस हललीच नाही. तिथं रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसते ते) पाहावा लागतो किंवा स्टीअरिंगचा स्टॉपर. या दोन गोष्टी न पाहता लोक २ इंच किट टाकतात आणि मग म्हणतात किट बेकार.

संत्रेवाला
मंडळी, काल रविवारी चाक मिळालं, मेहुण्याच्या मित्राचं, २४५/७५ एमटीच होतं. शेतात मुरमाचा ढीग होताच. पुढं पूर्ण फिरवलं तर आतल्या बाजूला जरासं टेकते, अगदी शेवटच्या इंचात. मागं लावून चाक वर दाबलं तेव्हा मडगार्डाची आतली कड अन् टायरच्या मधात बोट जाते, दोन बोटं नाही जात. आणि चिखल भरला तर तिथं काहीच जागा उरणार नाही, वऱ्हाडी भाऊनं सांगितलं तेच.

तर २६५ चा विचार सोडला. २४५/७५ एमटी आणि १ इंच नायलॉन, १०.९ बोल्ट. स्टीअरिंग शाफ्ट पाहिला, स्प्लाइन बरीच आत आहे, १ इंचाला पुरेल असं वाटते पण १३चा_पाना भाऊला दाखवीन. एक प्रश्न राहिला, पोटाला लागणारा उंचवटा त्याचं काय? टायरनं १९ मिमी मिळाले, तेवढ्यानं भागत नाही.

वऱ्हाडी_फोर_बाय_फोर
त्याले गाडीचं नाही, चालवायचं उत्तर आहे. चाकोरीत दोन्ही चाकं घालू नको. एक चाक मधातल्या उंचवट्यावर, दुसरं चाकोरीच्या बाहेरच्या धुऱ्यावर, गाडी चाकोरीच्या वरून घे. ओल्यात घसरून आत पडते हे खरं, म्हणून हळू, फोर लो दुसरा गिअर, स्टीअरिंगले झटके नाही. ट्रान्सफर केसखाली जाड पत्र्याची स्किड प्लेट टाक, घासलं तरी घासू दे.

अन् खरं सांगू का, मातोश्री पाणंद रस्ते योजना आहे ना २०२१ ची, ग्रामपंचायतीत ठराव टाकून पाहा. मुरूम पडला तं हा धागाच लागत नव्हता.

संत्रेवाला
ठराव पडून आहे भाऊ. शेजारचा धुऱ्यावरून भांडते, मोजणी होऊ देत नाही. ठराव निघेपर्यंत लिफ्ट होऊन जाईल.

१३चा_पाना
मग बुधवारी गाडी आण. सकाळी लवकर, अन् येण्याआधी खालून प्रेशर मारून आण, तो शेणचिखल माझ्या डोळ्यात नको. बोल्टवर तेल मंगळवारी रात्री तूच मार. अन् नायलॉनचे ठोकळे आणल्यावर कसायच्या आधी मले मोजू दे.